गाव उभं करणाऱ्याला आधी बोलवा

मराठी चित्रपटांचे निर्माते आणि दिग्दर्शक यांस,



पत्रास कारण की, मराठवाड्याची गोष्ट सांगणारा आणखी एक चित्रपट नुकताच पाहिला आणि त्यात मराठवाडा नव्हता. पात्रं परभणीकडची बोली बोलत होती. एसटीच्या थांब्यावरच्या पाटीवर आमच्या जिल्ह्याचं नाव होतं. घरं मात्र कौलारू होती, भिंतींना गेरू होता, अंगणातली माती लालसर होती आणि नायकाच्या मागे सह्याद्रीचा डोंगर उभा होता. परभणीकडे जमीन बहुतेक सपाट आणि काळी आहे. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "हे कुणीकडचं गाव म्हनायचं?" हा प्रश्न त्यानं तुम्हालाच विचारला आहे असं मी समजतो. त्याच्या वतीनं आणि माझ्या पेशाच्या वतीनं हे पत्र लिहितो आहे.

मी येलदरीचा. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या धरणाचं हे गाव. गेली कित्येक वर्षं मी चित्रपटांच्या कलाविभागात काम करतो. आधी असिस्टंट होतो, आता कलादिग्दर्शक आहे आणि क्वचित एखाद्या छोट्या चित्रपटाला प्रॉडक्शन डिझायनर म्हणून माझं नाव लागतं. माझ्या अनुभवातल्या कोणत्याही संस्थेचं किंवा माणसाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण तक्रार एकट्यादुकट्याबद्दल नाही. ती आपल्या सगळ्यांच्या कामाच्या रीतीबद्दल आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही आम्हाला सगळ्यात शेवटी बोलावता. पटकथा पक्की झालेली असते, नटांच्या तारखा मिळालेल्या असतात, लोकेशन लॉक असतं आणि मग फोन येतो, "सोमवारपासून शूट आहे, वाडा मिळालाय, फक्त ड्रेस करायचंय." त्या 'फक्त'मध्ये आमचा अख्खा पेशा बसवलेला असतो. पडद्यावर जे जे दिसतं, त्यातला नट आणि आकाश सोडलं तर उरलेलं बहुतेक सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. भिंतीचा रंग, त्या रंगाचं वय, दाराची उंची, खिडकी कोणत्या दिशेला आहे, कोनाड्यात काय ठेवलंय, कपाटाच्या काचेवर कोणत्या वर्षाचं कॅलेंडर लटकतंय, घरात किती माणसं राहतात आणि त्यातलं कोण नुकतंच गेलंय, हे सगळं संवाद सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकाला कळतं. ते ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्शन डिझायनर. त्यासाठी तो पटकथा प्रसंगाप्रसंगानं फोडतो, रेकी करतो, मापं घेतो, नकाशे काढतो, रंगांची पट्टी बसवतो, खर्च मांडतो. आठवड्याभरात यातलं काहीच होत नाही. आठवड्याभरात फक्त पितळेची भांडी भाड्यानं आणता येतात आणि दारात तुळस ठेवता येते. म्हणून तुमच्या प्रत्येक चित्रपटातल्या प्रत्येक गावात पितळेची भांडी आणि तुळस असते.

मराठी सिनेमाला ही रीत वारशानं मिळालेली नाही, उलट आपला वारसा नेमका विरुद्ध आहे. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली आला आणि लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी दाखवली, तिचा अंधार आणि तिचं उजाडपण ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणीत पुढे कित्येक वर्षं राहिलं. त्यांच्याच हाताखाली साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तेव्हा शांताराम, दामले, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर फत्तेलाल पाचवे भागीदार होते. म्हणजे कंपनीचा कलादिग्दर्शक कंपनीचा मालकही होता! गोष्ट निवडताना तो खोलीत हजर असायचा. 'संत तुकाराम' (१९३६) तर त्यांनी आणि दामल्यांनी मिळून दिग्दर्शितच केला आणि पुढच्या वर्षी त्या चित्रपटाचं व्हेनिसमध्ये कौतुक झालं. त्या चित्रपटातलं तुकोबांचं घर आठवून पाहा. आवलीला कशाची चिंता आहे हे त्या घराकडे पाहूनच समजतं.

राज्य शासनाच्या चित्रपट पुरस्कारांत कलादिग्दर्शनाचं पारितोषिक साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावानं दिलं जातं. त्यांचं नाव पुरस्काराला ठेवायचं आणि त्यांच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला शूटच्या आठवडाभर आधी बोलवायचं, हे योग्य नाही.

दुसरी गोष्ट गावाची, आणि याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

तुमच्या चित्रपटात खेडं म्हटलं की वाई, मेणवली, भोर, मुळशी आणि कोकण. जागा सुंदर आहेत, पुण्या-मुंबईहून जवळ आहेत, तिथे राहायची सोय आहे, स्थानिक लोकांना शूटिंगची सवय आहे. हे सगळं मला मान्य आहे. 'स्वदेस'मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर मेणवलीत उभं राहिलं, 'गंगाजल'चा बिहार वाईत झाला. हिंदीवाल्यांना कृष्णाकाठ गंगाकाठ म्हणून चालला. पण मराठी माणसाला परभणी म्हणून सातारा दाखवताना त्याला दोन्ही माहीत असतात, हे तुम्ही विसरता.

आमच्याकडचं जुनं घर माळवदाचं. सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर किलच्या आणि वर मातीचा जाड थर, म्हणजे सपाट छत. उन्हाळ्यात त्यावर मिरच्या वाळतात, कुरडया-पापड्या वाळतात, रात्री अख्खं घर तिथे झोपतं. शेजारच्या माळवदावरून या माळवदावर पोरं उड्या मारत जातात आणि बायकांचं बोलणंही छतावरूनच चालतं. अशा घरात उजेड खिडकीतून कमी येतो, छतातल्या झरोक्यातून जास्त येतो. सकाळी तो चुलीजवळ पडतो, दुपारी मधल्या खोलीत सरकतो, आणि चुलीचा धूर त्या उजेडात स्पष्ट दिसतो. आता सांगा, हे घर कौलारू केलं की फक्त छप्पर बदलतं का? छायाचित्रकाराचा सगळा प्रकाश बदलतो. आई-मुलीची बोलाचाल छतावर होण्याऐवजी अंगणात होते. रात्रीचा प्रसंग चांदण्यातून खोलीत येतो. पटकथाच बदलते, आणि ती कुणी बदलली हे कुणालाच कळत नाही.

मोठ्या वाड्यांना दरवाजाच्या आत ढाळज असते. बाहेरचा माणूस तिथवर येतो, पाणी पितो, बोलतो आणि परत जातो. आत कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला ढाळजेतूनच परत लावायचं, यात गावातली जात, सोयरीक, उधारी सगळं आलं. ज्या चित्रपटात जातीवर प्रसंग लिहिलेला असतो, त्यात ढाळज नसली की नटाला हातवारे करून जात सांगावी लागते. धान्य ठेवायची बळदं भिंतीत असतात, पेव जमिनीत. 'घरात दाणा नाही' असं पात्राला बोलायला लावण्याऐवजी बळदाचं तोंड उघडं दाखवलं तरी पुरतं.

हे जुनं झालं. आजचं गाव तर तुम्ही अजिबातच बघत नाही. आज येलदरीपासून जिंतूरपर्यंत कुठल्याही वस्तीत चला. अर्धं माळवद पडलेलं, त्याला लागून स्लॅबच्या दोन खोल्या, वर पुढच्या मजल्यासाठी ठेवलेल्या गंजलेल्या सळया. पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यावर ताडपत्री. बियाणांच्या कंपन्यांच्या पिशव्या जोडून शिवलेलं पाल. पाण्याचा निळा ड्रम, दाराशी टांगलेला फवारणीचा पंप, भिंतीवर खुंटीला अडकवलेलं दहावीच्या पोराचं दप्तर. शेतात आखाडा, म्हणजे गुरं आणि अवजारं ठेवायची जागा, तिला तुराट्यांचा कूड आणि पऱ्हाट्यांचं कुंपण. पावसाळ्यात काळ्या मातीचे शेंतोडे भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत उडतात आणि वाळल्यावर राखाडी दिसतात. सेटवर नवी भिंत जुनी करताना आम्ही ही रेघ हातानं मारतो, आणि लाल माती असलेल्या भागात शूट करताना दिग्दर्शक म्हणतो की ही रेघ घाण दिसते, गेरू मारा. गेरू मारला की ते गाव कुठलंच राहत नाही. त्यातली गरिबी मात्र नीटनेटकी दिसायला लागते, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतो.

काळाचं तर विचारूच नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथे हाली सिक्का चालत होता, टपालाची तिकिटं संस्थानची होती, कचेरीचे कागद उर्दूत होते, रेल्वे मीटरगेजची आणि निजामाची होती. त्या काळातला प्रसंग लिहिताना तुम्ही कचेरीच्या भिंतीवर ब्रिटिश राजाची तसबीर लावायला सांगता आणि दुकानावर देवनागरी पाटी. पेशवाईच्या धाटणीचा वाडा भाड्यानं घेता आणि त्यात रझाकार फिरवता. या चुका अभ्यासासाठी वेळ दिला असता तर टळल्या असत्या, आणि तो अभ्यास करायचं काम आमचंच आहे. फक्त तो करायला पटकथेच्या पहिल्या खर्ड्यापासून बोलवावं लागतं.

खर्चाचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं, ते मी शंभरदा ऐकलं आहे. युनिट परभणीला न्यायचं म्हणजे गाड्या, मुक्काम, भत्ते, जनरेटर. खरं आहे. पण इकडे युनिट आणाच असा माझा हट्ट नाही. नितीन चंद्रकांत देसाई यांनी 'लगान'चं चंपानेर कच्छमध्ये कुनरियाजवळच्या माळावर उभं केलं. शूट सुरू व्हायच्या कितीतरी आधी, त्या भागातल्या माणसांच्या हातानं, त्यांच्या मातीनं. गोष्ट अवधी बोलणाऱ्या गावाची होती, जमीन कच्छची होती, आणि तरी ते गाव त्या चित्रपटापुरतं पूर्ण खरं झालं, कारण त्याला डिझाइन होतं. तेव्हा मुळशीतच शूट करा, पण डिझायनरला आधी पंधरा दिवस जिंतूरला पाठवा. त्याला माळवदाची मापं घेऊ द्या, दोन गवंडी इकडून नेऊ द्या, काळ्या मातीचा एक ट्रक नेऊ द्या. नटांच्या व्हॅनिटीवर जेवढा खर्च होतो त्याच्या तुलनेत हा खर्च तुम्हीच काढून बघा. आणि नेहमीच्या जागा सोडल्यात तर त्याचा फायदाही बघा. 'सैराट' (२०१६) करमाळ्याच्या आसपास झाला. त्या विहिरी, तो केळीचा बाग, ते उजनीचं पाणी लोकांनी डोक्यात साठवलं आणि बघायला गाड्या करून गेले. त्या जागा त्याआधी फारशा कुणी पडद्यावर आणल्या नव्हत्या, हेच त्यांचं बळ होतं.

माझ्या गावाबद्दलही थोडं सांगतो, कारण इथे गोष्टी आहेत आणि त्यांना अजून चेहरा मिळालेला नाही. येलदरी धरण १९६८ साली पुरं झालं. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, आणि सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाऊन तिथून कालव्यांनी शेतात जातं. धरणाबरोबर इथे कॅम्प वसला, पाटबंधाऱ्याच्या बैठ्या घरांची वसाहत. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली माणसं नोकरीला आली, लग्नं झाली, शाळा भरली, बदल्या झाल्या, निवृत्त्या झाल्या आणि घरं रिकामी होत गेली. दुष्काळाच्या वर्षी जलाशय आत सरकतो आणि भेगाळलेला तळ उघडा पडतो. भरल्या वर्षी दरवाजे उघडले की जिंतूर-परभणीकडून लोक पाणी बघायला येतात. मासे धरणारे, विस्थापित होऊन वर बसलेली गावं, वीज जिथे तयार होते तिथेच होणारं लोडशेडिंग. मराठी सिनेमाला धरण नवं नाही. प्रभातच्या 'शेजारी'चा (१९४१) शेवट धरण फुटण्यानं होतो, आणि ते धरण पुण्याच्या स्टुडिओतल्या कारागिरांनी उभं केलं होतं. चाळीस सालच्या साधनांनी त्यांनी ते केलं. आज ड्रोन लावून धरणाचा वरून एक शॉट घेतला की धरणाची गोष्ट झाली असं आपण समजतो. धरणाच्या गावात घरं कशी असतात, क्वार्टरच्या दारावरचा सरकारी नंबर कसा असतो, त्यावर किती वेळा रंग चढलाय, हे दाखवायला कुणी आलेलं नाही.

आता पैशाचं. कलाविभाग हा असा विभाग आहे, जिथे काम सुरू व्हायच्या आधीच खिशातून पैसे जातात. लाकूड, प्लाय, रंग, कापड, भाड्याची प्रॉपर्टी, टेम्पो, सुतार-पेंटर-मोल्डिंगवाल्यांची रोजची मजुरी. निर्मात्याकडून पहिला हप्ता उशिरा येतो, दुसऱ्यासाठी हेलपाटे असतात, आणि तिसरा प्रदर्शनानंतर मिळेल असं सांगितलं जातं. चित्रपट पडला की तिसरा हप्ता त्याच्याबरोबर जातो. मी ज्या कामांचे शेवटचे पैसे सोडून दिले, त्यांतल्या सुतारांचे पैसे मात्र सोडता आले नाहीत, कारण ते रोज संध्याकाळी समोर उभे राहतात. मधल्या मध्ये सापडलेल्या कलादिग्दर्शकानं बायकोचे दागिने ठेवून मजुरी भागवल्याच्या गोष्टी आमच्यात इतक्या सर्रास आहेत की त्या सांगताना कुणाचा आवाजही बदलत नाही. मागणी साधी आहे. साहित्य आणि मजुरीचे पैसे आमच्या मानधनापासून वेगळे मांडा आणि ते आगाऊ द्या. आमचं मानधन उरलं तर ते प्रदर्शनाच्या आधी चुकतं करा. प्रदर्शनाच्या पोस्टरला पैसे असतात, तर सेट बांधणाऱ्यालाही असले पाहिजेत.

याच्याच पोटात सुरक्षेचा प्रश्न आहे. सेट म्हणजे प्लाय, थर्माकोल, कापड, ऑइलपेंट, आणि त्यातून ओढलेल्या वायरी. फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानवरच्या मालिकेच्या सेटला आग लागली आणि साठहून अधिक माणसं गेली. त्यांतले कितीतरी कामगार होते. सप्टेंबर २०१७ मध्ये आर. के. स्टुडिओ जळाला तेव्हा सुदैवानं माणसं वाचली, पण कितीतरी चित्रपटांचे कपडे आणि वस्तू राख झाल्या. तरीही आजही रात्री दोन वाजता सेट पुरा करा म्हणून आम्हाला घाई केली जाते, आणि शिडीवर चढलेल्या माणसाची ती सलग तिसरी शिफ्ट असते. सेट सुपूर्द करायला एक दिवस जास्त द्या आणि बाहेर जायचे दोन रस्ते सोडून मगच नेपथ्याचा आराखडा मंजूर करा.

श्रेयाचं लांबवत नाही. पोस्टरवर निर्माते, प्रस्तुतकर्ते, सहनिर्माते, कधी कधी त्यांचे नातेवाईक एवढी नावं मावतात, मग प्रॉडक्शन डिझायनरचं एक नाव मावायला हरकत नसावी. हॉलिवूडमध्ये 'गॉन विथ द विंड' (१९३९) साठी विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांना पहिल्यांदा प्रॉडक्शन डिझायनर हे श्रेय दिलं गेलं, कारण निर्मात्याला कबूल करावं लागलं की चित्रपटाचं सगळं रूप या माणसानं ठरवलंय. श्रेय निर्मात्यानं द्यायचं असतं, म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. समीक्षकांनाही जाता जाता विनंती: सेट उत्तम जमला की तुम्ही लिहिता 'लोकेशन्स नयनरम्य'. ते लोकेशन नसतं, ते आम्ही बांधलेलं असतं. एकदा विचारून लिहा.

आणि मग जपणुकीचं. एम. आर. आचरेकर हे आपल्याकडचे केवढे मोठे चित्रकार, त्यांनी 'आवारा'चं (१९५१) स्वप्नदृश्य उभं केलं. जगभर ते पाहिलं गेलं. नितीन देसाई यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास'. दापोलीकडचा हा माणूस 'तमस'च्या वेळी सहायक म्हणून आत आला आणि २००५ साली त्यानं कर्जतला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. २ ऑगस्ट २०२३ ला त्याच स्टुडिओत त्यांनी जीवन संपवलं. कर्जाची बातमी सगळ्यांनी वाचली. मी त्या दिवशी एका सेटवर होतो, तिथे कामगारांनी आपणहून हत्यारं खाली ठेवली होती. मला त्यांच्या मृत्यूवर भाष्य करायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या कामासाठी आपण एखाद्याला थोर म्हणतो, त्याचे नकाशे, स्केचेस, मॉडेल्स आपण जपून ठेवायला हवीत. भानू अथैया कोल्हापूरच्या, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. उतारवयात, २०१२ मध्ये, त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत सोपवली, कारण आपल्यामागे इथे ती नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. मराठी चित्रपटसृष्टीला याहून मोठी लाजेची गोष्ट मला माहीत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. चित्रपटाची प्रत जशी ठेवता तसे कलाविभागाचे नकाशे आणि स्केचेस तिथे द्या. डिजिटल फाइल द्यायला खर्च येत नाही, फक्त करारात एक ओळ लागते.

शेवटची तक्रार पुढच्या पोरांसाठी आहे. आमच्या तालुक्यातली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. त्यातली काही खरोखर चांगली काढतात. गणपती करणारी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारी, लग्नाचे मंडप बांधणारी, चारठाण्याच्या देवळांची हुबेहूब चित्रं काढणारी पोरं मी ओळखतो. त्यांना हा पेशा आहे हेच माहीत नसतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे, पण तिथल्या मोजक्या जागांपर्यंत जिंतूरचा पोरगा पोचायला त्याला आधी कुणीतरी रस्ता दाखवायला हवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात आणि तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात तुमच्यापैकी कुणी वर्षातून एकदा येऊन चार दिवस शिकवलंत तर फरक पडेल. आणि मराठवाड्याची गोष्ट करताना कलाविभागात मराठवाड्याचे किमान दोन असिस्टंट घ्या. त्यांना पगार द्या. 'शिकायला मिळतंय' हा पगार नव्हे. मुंबईत खोलीचं भाडं शिकण्यानं भरता येत नाही, आणि म्हणूनच या पेशात आज तीच पोरं टिकतात ज्यांचं घर आधीपासून मुंबईत असतं. मग ती पोरं जशी गावं पाहतात तशीच गावं पडद्यावर येतात, त्यात त्यांचा दोष नाही.

मी हे रागानं लिहिलं असलं तरी दुरावा म्हणून लिहिलेलं नाही. मला माझं आयुष्य याच कामात काढायचं आहे. भिंतीला धुराचा रंग लावून मागे सरकतो आणि ती दहा वर्षं जुनी दिसायला लागते, त्या क्षणासाठी मी हे काम करतो. तुम्हीही चांगल्या सिनेमासाठीच हे करता यावर माझा विश्वास आहे, नाहीतर एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

पुढच्या वेळी पटकथेच्या पहिल्या पानावर 'मराठवाड्यातलं एक खेडं' असं लिहाल, तेव्हा नटांच्या तारखा घ्यायच्या आधी प्रॉडक्शन डिझायनरला फोन करा आणि त्याला त्या खेड्यात पाठवा. येलदरीला आलात तर राहायची सोय माझ्याकडे करीन, आणि माळवदाची मापं घ्यायला टेप धरायला मी स्वतः येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कलादिग्दर्शक
येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी